गराशाचा धूर

पडदा वर जावा तसा कोळशाच्या धुळीचा पट हळूहळू वर सरकला आणि राजूर फाटा दिसू लागला. डाव्या हाताला चहाची टपरी, तिच्यापुढे तीन बाकं, त्यातल्या एकाचा पाय विटेवर टेकवलेला. उजव्या हाताला विठ्ठलराव मिस्त्रींचं गॅरेज. मधोमध निळ्या पत्र्याची खोली आणि तिच्यावर पाटी, ‘धूर तपासणी केंद्र’. मागे दूरवर कोळशाचे काळे ढीग, जणू नेपथ्यकाराने घाईघाईत रंगवून उभे केलेले. सप्टेंबरातला शनिवार, सकाळचे साडेनऊ. पात्रं आपापल्या जागी होती. टपरीवर डोमाजी दलाल पहिला चहा संपवून दुसऱ्याची वाट पाहत होता. निळ्या खोलीत रुपाली आपल्या यंत्राची काच पुसत होती. अशा वेळी वणीच्या रस्त्याने तीन ट्रक एकामागोमाग आले, आणि पहिल्या ट्रकच्या डाव्या दारातून, पाठ लोकांकडे आणि तोंड गाडीकडे करून, एकेक पायरी चाचपत बसंतीबाई आडे खाली उतरली.

काही माणसं रंगमंचावर येतात, आणि काही माणसं आली की तिथे रंगमंच तयार होतो. बसंतीबाई दुसऱ्या प्रकारातली. वय बासष्ट, उंची बेताची, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत सहज पोचणारा. कोपरापर्यंत बांगड्या, डोईवरून घेतलेला पदर, आणि पायांत काळे बूट, कारण ट्रकच्या पायरीवरून चप्पल घसरते हे तिला एकदा पडून कळलं होतं. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत तिन्ही गाड्यांचे कागद. खाली उतरल्यावर तिने आधी गाडीला हात लावला, तो हात कपाळाला टेकवला, आणि मग जगाकडे पाहिलं.

त्या पहिल्या गाडीचं नाव गराशा. हे नाव ट्रकपेक्षा फार जुनं. पूर्वी बंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे, त्या फिरत्या व्यापाराला लदेणी म्हणत. लदेणीच्या सगळ्यात पुढे एक बैल चालायचा, शिंगांना कवड्या, गळ्यात घंटा. तो गराशा. त्याच्यापुढे दुसरा बैल जायचा नाही. त्याच्यावर कुणी चाबूक उगारायचा नाही. पुढे रेल्वे आली, लदेणी मोडली, तांडे माळाच्या कडेला स्थिरावून शेती करू लागले. घाटंजीच्या पलीकडे मोहतांड्यात डोंगरसिंग आडेच्या घरी मात्र गराशाच्या गोष्टी जिवंत राहिल्या, आणि डोंगरसिंगने पहिला ट्रक घेतला तेव्हा त्याचं नाव गराशा ठेवलं. तो ट्रक थकला, दुसरा आला, नाव तेच राहिलं. गराशा मरत नाही, नुसतं अंग बदलतो, असं डोंगरसिंग म्हणायचा.

ढाणकीकडच्या तांड्यातून बसंती लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती. हिवाळ्यात नवऱ्याचा ट्रक कापसाच्या गाठी वाहायचा. उन्हाळ्यात गाठी संपल्या की त्याच ट्रकमधून नाटकमंडळ्यांचे पडदे, पेट्या आणि लाकडी सिंहासनं गावोगाव जायची. जिथे नाटक असेल तिथे डोंगरसिंग आणि त्याची बायको पहिल्या रांगेत. मंडळीतले जुने नट तिला वहिनी म्हणायचे आणि ताटात दोन घास जास्त वाढायचे. त्या मुक्कामांत ती एक गोष्ट शिकली. वाक्य चुकलं तर पुटपुटायचं नाही. चुकायचं तर ठणठणीत चुकायचं, म्हणजे समोरच्याला काय ते स्पष्ट ऐकू जातं.

नऊ वर्षांपूर्वी डोंगरसिंग छातीत कळ येऊन गेला. तेव्हा भाऊबंदांनी सांगितलं, की गाड्या विकून टाक, बाईचं काम नाही. बसंतीबाईने सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा पाजला, आणि तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी गराशाच्या केबिनमध्ये जाऊन बसली. पूर्ण वर्षभर ती गाड्यांबरोबर फिरली. काट्यावर वजन कसं होतं, गेटवरचा पहारेकरी आधी काय विचारतो, कुठल्या बाबूला नमस्कार पुरतो आणि कुणाला कागद दाखवावा लागतो, हे तिने पाहून पाहून पाठ केलं. शाळा चौथीपर्यंतची. पण गाडीच्या कुठल्या कागदाची मुदत कधी संपते हे तिला कॅलेंडरशिवाय माहीत असायचं. गराशाचा विमा होळीला, फिटनेस दिवाळीला, धुराचा कागद एकदा पोळ्याच्या मागून आणि एकदा महाशिवरात्रीच्या आसपास. इतक्या वर्षांत एकाही गाडीची मुदत एक दिवस हुकली नव्हती, आणि ही गोष्ट ती पहिल्या भेटीतच सांगून टाकायची.

तर त्या शनिवारी ती आली होती ती याच धुराच्या कागदासाठी. पण या वेळी कागदाला वेगळं वजन होतं. वणीकडच्या एका सिमेंट कारखान्याचं वर्षभराचं कोळसा वाहण्याचं काम तिला मिळत होतं. तोवर तिच्या गाड्या कापसाच्या हंगामात चार महिने पळायच्या आणि उरलेलं वर्ष मिळेल ते भाडं शोधायच्या. हे काम लागलं तर तीन ड्रायव्हरांची घरं बारा महिने चालणार होती. कारखान्याची अट एकच होती. तीन गाड्या हव्यात, कमी नाहीत, आणि तिन्हींची धूर तपासणी शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत सरकारी पोर्टलवर दिसायला हवी. न दिसली तर काम यादीतल्या पुढच्या माणसाला.

बसंतीबाईला काळजी अशी नव्हतीच. तिने रुपालीला दारातूनच सांगून टाकलं, की आधी गराशा, मग बाकीच्या दोन. आमच्यात त्याच्यापुढे कुणी जात नाही.

रुपालीला ते माहीत होतं. ही मुलगी राजूरचीच. वडील भीमराज खाणीत होते, आता निवृत्त होऊन घरी बसून खोकतात. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात ती एकटी मुलगी होती, आणि हे केंद्र घेऊन तिला चार वर्षं झाली होती. खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली परवान्याची प्रत, त्याखाली यंत्र. रुपाली कमी बोलायची आणि यंत्र जे सांगेल तेच लिहायची, म्हणून काही ट्रकवाले तिच्याकडे यायचे आणि काही मुद्दाम यायचे नाहीत.

तपासणी तशी साधी असते. सायलेन्सरच्या तोंडात एक नळी घालतात, तिचं दुसरं टोक यंत्रात. ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबायचा आणि सोडायचा, असं चार-पाच वेळा. त्या धुरातून उजेड किती पलीकडे पोचतो ते यंत्र पाहतं आणि आकडा देतं. गराशासारख्या जुन्या गाडीला अडीचच्या थोडा आतला आकडा लागतो. गाडीचा फोटो, नंबर, आकडा, सगळं तिथल्या तिथे पोर्टलवर चढतं.

लखनने अॅक्सिलरेटर दाबला. हा डोंगरसिंगचा पुतण्या, चौतीस वर्षांचा, काकाच्या हाताखाली शिकलेला आणि काका गेल्यापासून गराशा चालवणारा. मागून असा काळा लोट निघाला, की टपरीवरच्या डोमाजीने चहाच्या ग्लासावर हात ठेवला. रुपालीने पडद्यावर आकडा पाहिला. चार पॉइंट तीन.

“फेल आहे, मावशी,” ती म्हणाली.

“तुह्या मशीनले डोळे आले अस्तीन,” बसंतीबाई म्हणाली.

“डोळे आले असते तर कालच्या तीस गाड्याही फेल झाल्या असत्या.”

पुन्हा तपासलं. चार पॉइंट एक. टपरीवरचे लोक उठून जवळ आले. फाट्यावर गाडी फेल होणं ही रोजची गोष्ट, पण बसंतीबाईची गाडी फेल होणं ही बातमी होती. रुपालीने सुचवलं, की तोवर मागच्या दोन गाड्या तपासून घेऊ, त्या नव्या आहेत, वेळ वाचेल. बसंतीबाईने मान हलवली. गराशाच्या आधी नाही म्हणजे नाही.

मग ती लखनकडे वळली. एरवी घरातलं बोलणं त्यांच्या गोरबोलीत व्हायचं, फाट्यावरच्या कुणाला एक अक्षर कळायचं नाही. त्या दिवशी ती वऱ्हाडीत बोलली, आणि आवाज तर आधी सांगितलाच आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या एका ड्रायव्हरने रस्त्याकडेचं भेसळीचं डिझेल स्वस्तात घेऊन मधले पैसे खाल्ले होते. तिच्या डोक्यात तेच आलं आणि डोक्यातून थेट तोंडात.

“तूही सस्त्या डिझेलच्या नादी लागला तर,” ती म्हणाली. “तुह्या काकानं हातात स्टेअरिंग देल्लं, त्याचं हे केलं. आण ती चाबी.”

लखनने तिच्याकडे पाहिलं. त्याने चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली, टपरीमागच्या कडुलिंबाखाली जाऊन बसला. मोहतांड्याच्या गाड्यांवर सगळ्यांसमोर चावी काढून घेणं म्हणजे गाडीवरून कायमचं उतरवणं, हे बाकीच्या दोन ड्रायव्हरांना ठाऊक होतं. त्यांतला थोरला हिरासिंग नुसता खाली बघत राहिला.

तेवढ्यात डोमाजी पुढे सरकला. डोमाजी म्हणजे फाट्यावरचा सगळ्या अडचणींचा जावई. कुणाचं काय अडलंय हे त्याला अडण्याच्या आधी कळायचं. त्याने बसंतीबाईला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की त्याच्या ओळखीचा एक जण आहे, पंधरा कोसांवर. फोटो गराशाचा काढायचा, नळी दुसऱ्याच चांगल्या गाडीला लावायची. आकडा दीड येईल. पाच मिनिटांचं काम, कुणाला पत्ता नाही.

बसंतीबाईने ते पूर्ण ऐकलं, आणि उत्तर मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं दिलं.

“डोमाजी, तुह्या पोराचं लगन हाय ना औंदा? फोटो तुह्या पोराचा काढू अन् अक्षता दुसऱ्याच्या पोरावर टाकू. चालन का?”

टपरी हसली. डोमाजीही हसला, कारण असल्या धंद्यात मनाला लावून घेणारा माणूस टिकत नाही, आणि तो पुन्हा आपल्या चहाकडे गेला.

अकरा वाजले. गराशा विठ्ठलराव मिस्त्रींच्या दारात उभा केला. विठ्ठलराव सत्तरीकडे झुकलेले, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, बोलणं कमी आणि गुणगुणणं जास्त. त्यांनी डिझेलचा फिल्टर उघडला आणि गुणगुणणं थांबलं. फिल्टरमध्ये पिवळट, चिकट लगदा साचला होता, शिळ्या खळीसारखा. त्यांनी बोट लावलं, चोळलं, वास घेतला, पुन्हा घेतला.

“हे डिझेल नाही राजा,” ते स्वतःशीच म्हणाले. “ही फोडणी हाय.”

मग त्यांनी ते बोट बसंतीबाईच्या नाकाजवळ नेलं. तिने वास घेतला आणि लगेच ओळखला. जवस. दर पोळ्याला हे तेल हाताळणाऱ्या बाईला हा वास ओळखायला दुसऱ्यांदा हुंगावं लागत नाही.

पंधरा दिवसांपूर्वीची पहाट तिच्यापुढे आली. पोळ्याचा दिवस. कष्टाच्या हंगामाआधी बैलाला जवसाचं तेल आणि हळद पाजायची, बांबूच्या नळीतून, तोंड वर धरून. तिचा बाप पाजायचा, सासरा पाजायचा, त्याने बैलाच्या अंगात ताकद येते. घरात बैल उरले नाहीत तेव्हापासून ती पोळ्याला गराशाची पूजा करायची आणि टाकीच्या तोंडाशी दोन थेंब तेल लावायची. कुणाचं त्यात काही बिघडत नव्हतं. पण यंदा कारखान्याचं बोलणं आलं होतं. गराशाला वर्षभर कोळसा ओढायचा होता. तांडा उठायच्या आधी तिने एकटीनेच नळी काढली, तेलात हळद कालवली, आणि दोन थेंबांवर न थांबता पाच लिटरचा अख्खा डबा गराशाला पाजला. टाकीत त्या वेळी डिझेल तळाशीच होतं. नंतर पंधरा दिवस गाडी भाड्याविना अंगणात उभी. तेल मुरलं, आटलं, चिकटलं.

कुणी पाहिलं नव्हतं. आणि इथे कुणालाच शंका नव्हती. विठ्ठलराव लोकांना सांगत होते, की हल्ली रस्त्याकडेला डब्यातून विकतात त्यात काय वाट्टेल ते असतं, रॉकेल, वापरलेलं तेल, पाणी सुद्धा. असलं काही असेल तर त्याने इंजिनाचा डिझेलपंप खाल्ला असणार. मग पंप उतरवून चंद्रपूरला न्यायचा, म्हणजे दोन दिवस गेले. नुसतं खायचं तेल असेल तर गोष्ट वेगळी, मग टाकी धुऊन, नोझल साफ करून आजच भागेल. पण काय मिसळलं आणि किती, हे कळल्याशिवाय ते पाना हातात घेणार नव्हते. म्हणजे आता सगळं काम त्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं, आणि ते वाक्य बसंतीबाईजवळ होतं.

समोर दोन ड्रायव्हर, डोमाजी, टपरीवाला, रुपाली दारात उभी. कडुलिंबाखाली लखन. सकाळपासून ज्यांना ती ऐकवत होती तेच सगळे. तिने पदर नीट केला.

“जवसाचं तेल हाय,” ती म्हणाली. “पाच लिटर. त्यात हळद. दुसरं काहीच नाही. मीच पाजलं, पोळ्याच्या दिशी.”

विठ्ठलरावांनी चष्मा वर केला.

“बैलाले पाजते तसं?”

“गराशा हाय तो.”

“अन् सरकीची ढेप काहून नाही चारली, काकी?” डोमाजीने मागून विचारलं.

“ढेप तुह्यासाठी राखून ठेवली,” बसंतीबाई म्हणाली, आणि मग हसू फुटलं ते विठ्ठलरावांपासून. ते हसता हसता गाडीखाली शिरले आणि खालून त्यांचं गुणगुणणं पुन्हा ऐकू येऊ लागलं.

पुढचे पाच तास म्हणजे नुसती घाई. टाकी रिकामी केली, स्वच्छ डिझेलने दोनदा धुतली. नवा फिल्टर वणीहून मोटरसायकलवर आणवला. नोझल काढली तर त्यांच्या तोंडाशी लाखेसारखा थर. बसंतीबाई बांगड्या मागे सारून स्वतः नोझल घासायला बसली, हिरासिंग तिच्या शेजारी. मध्येच टपरीवाल्याने वडे आणून दिले, ते काळ्या हातांनीच खाल्ले गेले. सगळ्या फाट्याला एव्हाना गोष्ट कळली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर थांबून विचारायचे, की बैलाची तब्येत कशी आहे, आणि बसंतीबाई मान वर न करता सांगायची, की वैद्य बसले आहेत, रवंथ सुरू झाला की कळवते.

एक गोष्ट मात्र तिने केली नाही. कडुलिंबाकडे गेली नाही. चावी तिच्या पिशवीत होती, आणि कामाच्या निमित्ताने तिने तिकडे पाहणं पाच तास टाळलं. लखनने टपरीवाल्याने दिलेला वडाही घेतला नाही, म्हणे.

सव्वाचारला गराशा पुन्हा यंत्रापुढे आला. बसंतीबाईने पिशवीतली चावी दिली आणि हिरासिंग स्टेअरिंगवर बसला. धूर निघाला तो आता करडा होता, काळा नव्हता. रुपालीने आकडा वाचला. दोन पॉइंट नऊ.

“इतकुसं तर उरलं,” विठ्ठलराव म्हणाले. “वरतं-खालतं चालतं थोडं.”

“नाही चालत, काका,” रुपाली म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिने यंत्रावरून हात काढून घेतला होता. या फाट्यावर घर आहे तिचं. बाप रोज सकाळी खोकून उठतो. चार पॉइंट तीनला जे सांगितलं तेच दोन पॉइंट नऊला.

बसंतीबाईने विठ्ठलरावांना हाताने थांबवलं. पोरगी बरोबर बोलते आहे, असं ती म्हणाली, आणि पुढे विचारलं, की मग आता नियमात काय बसतं ते सांग. तेव्हा रुपालीने सांगितलं, की गाडी सकाळपासून थंड पडली आहे. इंजिन चांगलं तापलेलं असलं पाहिजे, तसा नियमच आहे. पाइपांत कुठे थोडं तेल राहिलं असेल तेही चालवल्याने जळून जाईल. वणीपर्यंत न्या, चढावर दाबून चालवा, परत आणा. साडेपाचच्या आत आणा, म्हणजे मला वेळ मिळेल.

हिरासिंग गराशाला घेऊन निघाला. धुळीचा पट्टा वणीच्या दिशेने लांबत गेला. आता फाट्यावर दोन गाड्या उभ्या होत्या, घड्याळात साडेचार, आणि रुपालीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी अगदी हळू, की मावशी, या दोन तरी करून घेऊ का. तिन्ही शेवटी आल्या आणि पोर्टल अडकलं तर सगळंच जाईल.

बसंतीबाई रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली. तिच्या घरात गराशाच्या आधी कुणी पाऊल टाकलं नव्हतं, बैल असताना नाही आणि ट्रक आल्यावरही नाही. मग तिने त्याच रस्त्याकडे बोट दाखवलं.

“गराशा तर केव्हाचा पुढं निघून गेला,” ती म्हणाली. “या दोघी त्याच्या मागूनच येऊन राह्यल्या. लाव नळी.”

रुपालीच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू दिसलं. दोन्ही गाड्या पाऊण तासात आटोपल्या, आकडे एकाच्या जवळपास, दोन्ही कागद यंत्रातून गरमागरम बाहेर आले.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी गराशा परतला. बॉनेटमधून उष्ण वाफ येत होती. टपरी रिकामी झाली होती, सगळे निळ्या खोलीभोवती. हिरासिंगने अॅक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला. रुपाली आकडे मोठ्याने वाचत गेली. दोन पॉइंट पाच. दोन पॉइंट तीन. दोन पॉइंट दोन. पुन्हा दोन पॉइंट दोन. सरासरी दोन पॉइंट तीन. पास.

पोर्टलवरचं चक्र मात्र फिरतच राहिलं. एक मिनिट, दोन मिनिटं. डोमाजीने सुद्धा हात जोडले. पाच वाजून चाळीस मिनिटांनी कागद बाहेर आला, आणि रुपालीने कारखान्याच्या गेटवर फोन लावून तिन्ही नंबर दिसत असल्याची खात्री करून घेतली. दिसत होते. टपरीवाल्याने कुणी न सांगता सगळ्यांसाठी चहा टाकला. विठ्ठलराव बाकावर आडवे झाले. हिरासिंगने गाडी रस्त्याच्या तोंडाशी आणून उभी केली आणि खाली उतरून, चावी बसंतीबाईला परत देऊन, आपल्या गाडीकडे गेला. उद्या सकाळी पहिली खेप होती, रात्रीच्या मुक्कामाला कोळसा भरतात त्या सायडिंगवर पोचायचं होतं. तीन गाड्या तयार होत्या. ड्रायव्हर दोनच.

बसंतीबाईने कागद पिशवीत ठेवला, चावी मात्र हातातच राहू दिली. मग ती कडुलिंबाकडे चालत गेली. लखन उठून उभा राहिला, सवयीने, कारण काकी आली की बसून राहत नाहीत. तिने गोरबोलीत बोलायला सुरुवात केली, दोन शब्द बोलली, आणि थांबली. सकाळी जे बोलली होती ते साऱ्या फाट्याने ऐकलं होतं. तेव्हा ती वऱ्हाडीवर आली, आणि आवाज मुळीच खाली आणला नाही.

माझी चूक झाली, असं तिने सांगितलं. डिझेलचा आळ तुझ्यावर घातला तो खोटा होता. हे मी तांड्यात परतल्यावर आपल्या प्रमुखाच्या, नायकाच्या दारात पण सांगीन. टपरीवरचे ग्लास तसेच हातांत राहिले होते.

मग लखन म्हणाला, की पोळ्याच्या दिवशी सकाळी त्याने टाकीच्या झाकणाला हळद लागलेली पाहिली होती.

बसंतीबाई एक पाऊल पुढे आली.

“तुले माहीत होतं? मंग सकाळी बोलला काहून नाही?”

“तुम्ही इचारलं कुठं, काकी,” लखन म्हणाला. “तुम्ही चाबी मांगितली.”

बसंतीबाईच्या तळहातावर चावी होती, आणि समोर तिच्या नवऱ्याच्या हाताखाली घडलेला हा माणूस, सकाळपासून उपाशी. पलीकडे हिरासिंगने इंजिन सुरू केलं आणि पुन्हा बंद केलं. त्याच्या गाडीला गराशाच्या मागून निघायचं होतं.

तिने तो तळहात लखनपुढे धरला, पण चावी त्याच्या हातात कोंबली नाही, नुसती उघडी धरून ठेवली.

“बरं,” ती म्हणाली. “मंग आता इचारतो. चालवशीन का गराशा?”